मंगळवारी पुलाला काय होतं

ऋजुताला सातवा महिना लागला त्याच आठवड्यात पुलाचीही तब्येत बिघडली. ऋजुता माझी बायको. पूल माझा कोणी नाही. पण त्या दिवसांत मी दोघांच्याही पोटात काय चाललंय याचाच विचार करत होतो आणि डॉक्टर फक्त एकीलाच होता.

दुसऱ्याचा डॉक्टर मी होतो. म्हणूनच तर काळजी.

२००७चा मे महिना. आमचं ऑफिस चेन्नईत, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, दोन लेथवाल्यांच्या मधोमध. काम, पूल तपासायचं. लोकांना वाटतं पूल तपासायचा म्हणजे त्यावर खडी भरलेले ट्रक उभे करायचे आणि बाजूला उभं राहून बघायचं, राहतो की जातो. तसंही करतात. पण त्यासाठी पूल बंद ठेवावा लागतो, आणि चेन्नईत पूल बंद ठेवणारा माणूस पुढे त्याच शहरात राहू शकत नाही. आमची पद्धत निराळी. पूल तसाही कायम थरथरत असतो. बस गेली, थरथरला. वारा आला, थरथरला. म्हातारा सायकलवरून गेला तरी थोडासा थरथरतो, फक्त बोलून दाखवत नाही. आपण काही करायचं नाही. डब्याएवढे सेन्सर कठड्यालगत ठेवायचे, ती थरथर तासभर लॅपटॉपमध्ये भरून घ्यायची आणि मग गणित करून शोधायचं, की या सगळ्या गोंधळात पुलाचा स्वतःचा ठेका कुठला. प्रत्येक पुलाला असा ठेका असतो, सेकंदाला अमुक वेळा. तंबोऱ्याची तार सैल झाली की सूर उतरतो, तसा पूल आतून खचला की ठेका उतरतो.

सिरुसेरीच्या वाटेवर कालव्यावर जो पूल आहे, त्याचा ठेका गेल्या वर्षी सेकंदाला तीन पूर्णांक एक होता. या वर्षी मी आलेख उघडला तर सगळ्यात उंच शिखर दोन पूर्णांक दोनवर.

गणित येणाऱ्यांसाठी सांगतो: याचा अर्थ पुलाचा ताठपणा निम्म्यावर आला. गणित न येणाऱ्यांसाठी सांगतो: त्यावरून जाऊ नका.

तीन पूर्णांक एकच्या जागी एक बुटकं शिखर अजून होतं. त्याला मी ‘दुसरा ठेका’ असं नाव देऊन टाकलं, कारण शिखरांना नावं द्यायचं काम माझ्याकडे होतं. आणि ते दोन पूर्णांक दोनचं शिखर जरा विचित्रच होतं. खऱ्या पुलाचं शिखर टेकडीसारखं असतं, पायथ्याशी पसरलेलं. हे सुईसारखं होतं. मी अर्थ लावला, आजार नवीन आहे म्हणजे लक्षणही नवीनच असणार. घाबरलेल्या माणसाचं एक बरं असतं, पुरावा कुठल्याही बाजूने आला तरी त्याला तो उपयोगी पडतो.

आमचे साहेब चंद्रमौळी राव हे तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेले, ते त्या वेळची मराठी बरोबर घेऊन. पुढे तिला तमिळची फोडणी बसत गेली, ‘बाबा रे’च्या जागी ‘पा’ आलं. सर बोलायला लागले की एखादा बखरकार फिल्टर कॉफी पीत बसल्यासारखं वाटायचं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सुई बघितली.

“पा, मकरंदा,” ते म्हणाले, “हें बरें नाहीं.”

“काय करायचं सर?”

“पुनः मोजावें. एकवार खोकला आला म्हणोन कोणी तिरडी बांधीत नाहीं.”

पुढच्या मंगळवारी पुन्हा मोजलं. पुन्हा सुई, त्याच जागी.

मंगळवार हा वाहतूक पोलिसांनी दिलेला वार. दुपारी तीन ते सहा कठड्यालगत बसायची परवानगी. आता मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ असतो, आणि सर राहुकाळात नव्या पेनाचं टोपणसुद्धा उघडत नाहीत. त्यामुळे तीन वाजता पुलापाशी पोचायचं, सामान जीपमध्ये ठेवायचं आणि पुलाखाली महालक्ष्मी अक्काच्या टपरीत राहू जायची वाट बघत बसायचं, हा आमचा नेम होता. टपरी पुलाच्या खांबाला पाठ लावून उभी होती. पुढे दोन बाकडी, मागे ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं. इडली, मग पोडी म्हणजे डाळ-मिरचीची कोरडी चटणी लावून इडली, मग वडा, मग कॉफी. साडेचारला सर घड्याळ बघून “गेला” म्हणायचे, आणि आम्ही वर. अक्का मोठ्या प्रेमाने निरोप द्यायची. जरा जास्तच प्रेमाने, असं मला वाटायचं. गेल्या वर्षी परवानगी सकाळची होती, तेव्हा राहूचा आणि अक्काचा काही संबंध आला नव्हता.

दुसऱ्या सुईनंतर सरांनी पूल ज्या खात्याचा होता तिथे फोन लावला. खात्याने त्याच दिवशी जड लॉऱ्या दुसरीकडून वळवल्या. वरून पूल बघितला, होडीतून खालून बघितला, कुठे चीर नाही. पण पुलाच्या चिरा माणसाच्या दुःखासारख्या, आत असतात. ठरलं असं, की तिसऱ्या मंगळवारी शेवटचं मोजमाप, आणि बुधवारी सकाळी सरांच्या आणि माझ्या सहीने लेखी: पूल चालू ठेवावा, की बंद करावा. तोवर बस, मोटारी, स्कूटर, सगळं चालू.

“आणि बाहेर एक अक्षर नको,” सर म्हणाले. “पूल पडतो ऐसें एकानें म्हटलें, तर पुलाच्या आधीं माणसें एकमेकांवर पडतील.”

मी मान हलवली. ऋजुताची कंपनी सिरुसेरीला. कंपनीची बस रोज सकाळ-संध्याकाळ त्याच पुलावरून.

* * *

“आज सुट्टी घे,” दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी मी म्हणालो.

“का रे?” ऋजुता डबा भरत होती.

“हवा बरोबर नाही.”

“कशी नाही?”

“वारा आहे.”

तिने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवरचं धोतर खिळ्यावर फोटो टांगावा तसं स्थिर होतं.

“बरं, मग रिक्षाने जा. लांबच्या रस्त्याने.”

“डॉक्टर म्हणाल्यात रिक्षाचे धक्के नकोत. तू होतास तिथे. वहीत लिहून घेत होतास.”

“मग राजीनामा दे.”

तिने डब्याचं झाकण लावलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. ऋजुता सॉफ्टवेअरची टेस्टर. लोक “काही प्रॉब्लेम नाही” म्हणतात आणि ही त्यातला प्रॉब्लेम शोधून काढते, हेच काम तिला दिलेलं. माझ्यासारखं जुनं, कमकुवत सॉफ्टवेअर तिने पाच मिनिटांत उकललं. सरांना दिलेला शब्द पोहे गार व्हायच्या आत मोडला.

सगळं ऐकून तिने डबा बाजूला सरकवला.

“बसमध्ये आम्ही चाळीस जण असतो, मकरंद.”

“माहितेय.”

“त्यातल्या एकीलाच तू सुट्टी घे म्हणतोयस.”

“बाकीच्यांशी माझं लग्न झालेलं नाही.”

“मग बंद करा ना पूल. सगळ्यांसाठी.”

“अगं, खात्री कुठे आहे अजून? लाखभर माणसांची वाट आहे ती. पलीकडे हॉस्पिटल आहे. उगीच बंद केला आणि तेवढ्यात कोणी अँब्युलन्समध्ये अडकलं तर?”

“आणि माझी सुट्टी कुठल्या खात्रीवर?”

मी उत्तर शोधलं. टेबलाखालीही बघितलं.

“हे बघ,” ती उठली. “ज्या दिवशी तू सही करून सांगशील की जाऊ नका, त्या दिवशी कोणीच जाणार नाही, मीही नाही. तोवर मी एकटीने घरी बसायचं आणि टीव्हीवर बघायचं की नीलमची बस पोचली का? मला नाही जमणार.”

नीलम तिच्या शेजारच्या सीटवरची. शेवटी तडजोड झाली. बस पुलावर चढली की ऋजुता एक मिस्ड कॉल देणार, उतरली की दुसरा. माझी ही मागणी तिने, लहान मुलाला झोपताना दिवा चालू हवा असतो, त्या सहानुभूतीने मान्य केली.

मग मी त्या दोन मिस्ड कॉलच्या मधल्या जागेत राहायला गेलो.

पहिला कॉल यायचा. फोन एकदा वाजून थांबायचा. त्यानंतर माझा श्वास ऑफिसात नसायचा. लेथवाल्यांची घरघर ऐकू यायची आणि त्या घरघरीतही मला सेकंदाला दोन पूर्णांक दोन ऐकू यायचं. जिन्यावर कोणी धावत चढलं की मी मोजायचो. जेवताना सर पाय हलवायचे, तोही मोजायचो. एकदा घरी वॉशिंग मशीन फिरत असताना मी त्याच्यावर हात ठेवून इतका वेळ उभा होतो, की ऋजुताने विचारलं, लाथ मारली का त्याने? दुसरा कॉल आला की मी पाणी प्यायचो. रोज सकाळी एक तांब्या, रोज संध्याकाळी एक तांब्या. तब्येत, खरं सांगायचं तर, सुधारली.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला कॉल आला आणि दुसरा आलाच नाही.

सुरुवातीला मी ट्रॅफिक जाम धरला. नंतर मोठा ट्रॅफिक जाम धरला. नंतर मी उभा राहिलो. फोन लावला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पाण्याखाली फोन वाजतो का, हा प्रश्न त्या क्षणी मला खरोखर पडला, आणि तो मी बाहेर येऊन मोठ्याने शेजारच्या लेथवाल्याला विचारला. तो म्हणाला, कुठल्या कंपनीचा आहे त्यावर आहे.

सरांनी मला पायरीवर बसवलं.

“काय जालें?”

“सर, बस.”

“कोणती बस?”

“ऋजुता आहे तिच्यात. पुलावर चढली. उतरली नाही.”

सरांना तिच्याबद्दल माहीत होतं, बसबद्दल नव्हतं. ते आत जाऊन रेडिओ घेऊन आले, तो माझ्या शेजारी ठेवला आणि स्वतः पलीकडे बसले. रेडिओवर अंडी उकडताना मीठ घालावं की नाही, यावर चर्चा चालली होती. आम्ही दोघं ती जीव मुठीत धरून ऐकत होतो. पूल पडला असता तर अंडी थांबवली असती, असा आमचा हिशोब.

मग फोन वाजला.

“अरे, सतरा कॉल काय?” ऋजुताचा आवाज जड होता. “झोप लागली होती मला. शेवटच्या स्टॉपवर उठवलं नीलमने.”

मी पाणी प्यायलो. सरांनीही प्यायलं.

“तूं मला आधीं कां नाहीं सांगितलेंस?” सर म्हणाले. बखरीतला आवाज नव्हता तो. साधा, म्हाताऱ्या माणसाचा होता.

* * *

त्या संध्याकाळी ऋजुता भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसली होती. मी तिचे सुजलेले पाय दाबत होतो आणि सुईबद्दल बोलत होतो. रोमँटिक होतं, आमच्या मानाने.

“दोन्ही वेळा तीच जागा? अगदी तीच?”

“अगदी तीच.”

“दोन्ही वेळा मंगळवार?”

“परवानगीच मंगळवारची.”

“आणि वेळ?”

“साडेचारनंतर. राहुकाळ संपल्यावर.”

तिने पाय काढून घेतला. “वेळ बदलून बघितलीत?”

“म्हणजे?”

“आमच्याकडे एखादी चूक रोज ठरलेल्या वेळेलाच दिसली, तर आम्ही ती चूक नंतर बघतो. आधी बघतो, त्या वेळेला आणखी काय चालू असतं.”

“पुलावर काय चालू असणार? पूल आहे तो. दुपारीही पूलच असतो.”

“बघितलंयस दुपारी?”

नव्हतं बघितलं. दुपारी आम्ही इडली खात असायचो.

सोमवारी मी सरांना विचारलं. राहुकाळात मोजायचं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी एकदाच बघितलं होतं, त्यांच्या जावयाने देवघरात बूट नेले तेव्हा.

“राहुकाळांत आरंभ?”

“सर, उद्या शेवटचा मंगळवार आहे.”

“तेंच म्हणतों. शेवटचा. बिघडवावा काय?”

सर उठले, खिडकीशी गेले, परत आले. कॅलेंडर बघितलं. मला वाटलं, मनात कोणाशी तरी वाद चाललाय आणि समोरचा जिंकतोय.

“राहुकाळांत आरंभ करूं नये,” ते शेवटी म्हणाले. “परंतु आरंभिलेलें काम राहू आला म्हणोन टाकून उठावें, ऐसें कोठें म्हटलें आहे? प्रवासाची पेटी आधीं उंबऱ्याबाहेर ठेवितात. मग माणूस केव्हांही निघो. आपण तिनाच्या आधीं बटण दाबावें.”

“परवानगी तीनपासूनची आहे सर.”

“पोलिसास राहू आम्हांइतकाच आहे, पा.”

हवालदार खरंच आमच्या बाजूचा निघाला. त्यालाही मंगळवारी तीननंतर काही नवीन सुरू झालेलं नको होतं. तीनला काही मिनिटं कमी असताना सरांनी कापूर नसल्यामुळे नुसतेच हात जोडले, बटण दाबलं आणि आरंभ झाला. ऊन असं होतं की लॅपटॉप वर ठेवला असता तर त्याच्यावर डोसा निघाला असता. म्हणून लांब केबल कठड्यावरून खाली सोडली, लॅपटॉप अक्काच्या बाकड्यावर ठेवला आणि आम्ही नेहमीच्या जागी बसलो. अक्काने न विचारता इडल्या आणल्या.

मी पडद्याकडे बघत होतो. आलेख हळूहळू भरत जातो, दर दोन मिनिटांनी जरा स्पष्ट होतो. तीन पूर्णांक एकवर एक टेकडी उभी राहिली. चांगली पसरट, घरंदाज टेकडी. दोन पूर्णांक दोनवर काही नाही.

थोड्या वेळाने बघितलं. काही नाही. चार वाजले. काही नाही.

आनंद व्हायला पाहिजे होता. मला घाम फुटला.

“सर, सेन्सर बिघडलाय.”

“कां?”

“पूल ठीक दाखवतोय.”

साडेचारला सर “गेला” म्हणाले. राहू गेला, आता वर जाऊन सेन्सर हाताने तपासू. लॅपटॉप घेऊन आम्ही वर आलो, केबल गुंडाळली, कठड्याच्या सावलीत बसलो. मी पडदा उघडला.

सुई वर येत होती. आधी केसाएवढी. मग टाचणीएवढी. मग नेहमीची, उंच, ताठ, दोन पूर्णांक दोन.

“आम्ही वर आलो आणि पूल आजारी पडला,” मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण लांबून येत होता.

“काकतालीय. केवळ योगायोग,” सर म्हणाले. मग, “शास्त्रानें जाऊं. तूं खालीं जा. मी पाहतों.”

मी जिना उतरून टपरीत गेलो. अक्का हात पुसत हसून पुढे आली. “काय विसरलात तंबी?” धाकट्या भावाला म्हणतात तसं तिने विचारलं. काही नाही म्हणून बाकड्यावर बसलो. थोड्या वेळाने सरांचा फोन.

“गेली.”

“काय गेली?”

“सुई. तूं वर ये पाहूं.”

मी वर गेलो. सुई आली. मग सर खाली गेले. सुई गेली. सर वर आले. सुई आली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सरांचं वजन नव्वद किलो, माझं अठ्ठावन्न. पुलाला फरक पडत नव्हता. दोघांपैकी कोणीही टपरीत बसलं की पूल निरोगी.

“अनुमान,” सर गंभीरपणे म्हणाले. “आपणांपैकीं एकानें येथें जन्मभर बैसावें.”

मी हसलो नाही, कारण त्या क्षणी मला तो खरोखर एक उपाय वाटला. पाळ्या लावता आल्या असत्या. ऋजुताने डबा पाठवला असता.

“सर, मी पुन्हा जातो.”

या वेळी मी जिना अर्धाच उतरलो. चढउतार करून दम लागला म्हणून कठड्याला धरून थांबलो. आणि खालून आवाज आला. घर्र, घर्र, घर्र. दगडावर दगड. टपरीच्या मागची ताडपत्री बाजूला होती. तिथे एक भला थोरला ग्राइंडर फिरत होता, हॉटेलात असतो तसा, आणि त्यात पांढरं शुभ्र पीठ कडेने चढत होतं, पडत होतं. अक्का त्याच्यावर वाकून कडेचं पीठ आत लोटत होती.

माझी चप्पल वाजली. अक्काने मान वर केली, मला बघितलं, झटकन बटण बंद केलं आणि ताडपत्री ओढली. पदर सारखा करून हसत पुढे आली.

“या, या. कॉफी टाकू?”

“अक्का,” माझी तमिळ भाजी आणण्यापुरतीच होती, पण त्या दिवशी धावली. “ते काय आहे?”

“ते? ग्राइंडर. उद्याच्या इडलीचं.”

“बंद का केलंत?”

ती ओशाळली. “तुम्ही आलात ना. साहेब लोक बसलेले, आणि मी घरघर लावू? बरं दिसतं का? तुम्ही दीड-दीड तास बसता. मी म्हणते, असू दे, गेल्यावर लावू.” मग हळूच म्हणाली, “मंगळवारी जरा उशीरच होतो मला.”

मी ताडपत्री उचलली. ग्राइंडरच्या लोखंडी पायांना अँगल जोडले होते, आणि ते अँगल चार जाड बोल्टांनी पुलाच्या खांबाला.

“हे कोणी केलं?”

“पोंगलला नवीन घेतला. पण हा एका जागी राहीना. वाटता वाटता चालायला लागायचा. एकदा तर पार रस्त्यापर्यंत गेला, पिठासकट. मग वेल्डरला बोलावून खांबाला बांधून टाकला. खांब मजबूत आहे ना हो?”

मी तिला चालू करायला सांगितलं. फिरणाऱ्या पात्राच्या कडेला तांदळाचा एक दाणा चिकटला होता, त्याच्यावर नजर ठेवून मोजलं. सेकंदाला दोनदा, आणि वर थोडं. मी सरांना फोन लावला.

“आली कां?” मी विचारलं. मीही तसंच बोलायला लागलो होतो.

“आली.”

“अक्का, बंद. सर?”

बराच वेळ काही नाही. वरून एक बस गेली. मग, “गेली.”

“अक्का, लावा.”

“आली. पा, मकरंदा, तूं करितोस तरी काय तेथें?”

“पीठ वाटतोय सर.”

सर खाली आले. ग्राइंडर बघितला, बोल्ट बघितले, अक्काला बघितलं. मग बाकड्यावर बसले आणि डोळे मिटून घेतले. तीन मंगळवार आम्ही त्या यंत्राच्या पुढ्यात बसून, त्यातूनच निघालेल्या इडल्या खात, पूल का खचला यावर चर्चा केली होती. आमचा मान राखून ते गप्प बसलं होतं. आमची पाठ वळली की फिरायला लागायचं, आणि नेमकं तेव्हाच आम्ही वर जाऊन पुलाची नाडी धरायचो. मी ज्याला ‘दुसरा ठेका’ म्हणून बाजूला सारलं होतं, तोच पुलाचा खरा ठेका होता. गेल्या वर्षीइतकाच, जिथल्या तिथे.

“माझ्या ग्राइंडरने पूल पडेल?” अक्काने घाबरून विचारलं.

“नाही हो,” सर तमिळमध्ये म्हणाले. “पूल इतका हलतही नाही. आमची यंत्रंच जरा हळवी आहेत.” मग माझ्याकडे वळले. “आतां पाहा थट्टा. स्वच्छ माप म्हणावें ऐसें एकच. तिनापासून साडेचारपर्यंतचें. संपूर्ण राहुकाळांतलें.”

“सही करणार ना सर?”

सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपणाकडे बघितलं.

“आरंभ आधीं जाला,” ते म्हणाले, बहुधा मला नाही. “सही उद्यां सकाळीं. पूल चालूं.”

* * *

सर जीपमध्ये जाऊन बसले. परवानगी सहापर्यंतची, पण हवालदार म्हणाला, बसा, तुमचा काय त्रास आहे. मी सेन्सर काढले नाहीत. अक्काला म्हणालो, थोडा वेळ बंदच ठेवा, एक बस यायचीय.

ऊन उतरलं होतं. समुद्राकडून वारा सुटला. पडद्यावरची रेघ वाऱ्याने बारीक थरथरत होती. मला आता सगळं माहीत होतं, मी स्वतः दाणा मोजला होता, तरी फोन एकदा वाजून थांबला तेव्हा श्वास नेहमीप्रमाणे दोन कॉलच्या मधल्या जागेत जाऊन बसला.

पांढरी बस पुलावर चढली. पडद्यावरची रेघ फुगली, मोठी झाली, आणखी मोठी झाली. बस माझ्यासमोरून गेली आणि मी काहीही ठरवलं नसताना उभा राहून दोन्ही हात हलवले. बस पलीकडे उतरली. रेघ एकदम थांबली नाही. पूल मागे आपापला हलत राहिला, कमी कमी होत. मी बोटावर मोजलं. सेकंदाला तीन. थोडे वर.

दुसरा मिस्ड कॉल आला नाही. फोन वाजतच राहिला. मी उचलला.

“हात कसले हलवत होतास? अख्खी बस बघत होती.”

“ठरलं होतं मिस्ड कॉल द्यायचा.”

“तू समोर दिसलास ना. मग?”

“पूल ठीक आहे, ऋजू. काही झालेलं नाही त्याला. पीठ होतं.”

“काय होतं?”

“इडलीचं पीठ. दोन आठवडे मी इडलीच्या पिठाला घाबरत होतो.”

पलीकडून तुटक श्वास ऐकू आले. मला वाटलं, हसतेय. मग कळलं, हसत नव्हती. नीलमचा आवाज आला, “अगं, काय झालं? पाणी देऊ?”

“ऋजू?”

“काही नाही,” ती नाक ओढत म्हणाली. “कोणाला सांगता येत नव्हतं ना. रोज पूल आला की मी एकटीच घाबरायचे. बाकीचे गाणी ऐकायचे. एकोणचाळीस जणांच्या वाटचं घाबरून झालंय माझं.”

“मग शुक्रवारी झोपलीस कशी?”

“डोळे मिटून बसले होते. तशीच लागली.”

मला ते माहीतच नव्हतं. मी इतके दिवस फक्त माझ्याच वाटचं मोजत होतो.

“घरी येताना इडल्या आण,” ती म्हणाली. “त्याच टपरीतल्या. जास्त आण.”

खालून अक्काने हाक मारली. तिचे तांदूळ भिजून भिजून कंटाळले होते. आता लावू का?

“लावा,” मी ओरडलो.

पडद्यावर दोन पूर्णांक दोनच्या जागी आधी केस उगवला. मग टाचणी. मग सुई, उंच आणि ताठ. मी ती पहिल्यांदाच न घाबरता बघितली. म्हणजे, एका डोळ्याने. दुसरा डोळा पुलावरून येणाऱ्या पुढच्या बसवर होता.